सोळा आकड्यांची एकच रांग

खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिराच्या दाराशी दगडात एक चौकट कोरलेली आहे. मंदिर जैनांचं, दहाव्या शतकातलं. चौकटीत चार ओळी, चार रकाने, सोळा घरं, आणि त्या घरांत १ ते १६ हे आकडे असे बसवलेले:

७  १२  १  १४
२  १३  ८  ११
१६  ३  १०  ५
९  ६  १५  ४

कोणत्याही ओळीची बेरीज करा, ३४ येते. कोणत्याही रकान्याची करा, ३४. दोन्ही कर्णांचीही ३४. म्हणून याला चौतिसा यंत्र म्हणतात. या चौकटीची आणखी एक करामत आहे, ती पुढे सांगतो. आधी हे सोळा आकडे संगणकात ठेवायचे आहेत.

प्रोग्रामिंग शिकायला लागलं की सुरुवातीच्या काही आठवड्यांतच ॲरे भेटतो. एका नावाखाली ओळीने मांडलेले आकडे आणि प्रत्येकाला एक नंबर. मग एक दिवस फळ्यावर दोन मितींचा ॲरे येतो. आता एका नंबरावर भागत नाही. नाट्यगृहात जशी आधी रांग शोधायची आणि मग खुर्ची, तसं इथे कितवी ओळ आणि कितवा रकाना हे दोन्ही सांगावं लागतं. शिकणारा एका लूपमध्ये (तीच सूचना पुन्हापुन्हा चालवणाऱ्या रचनेत) दुसरा लूप घालतो, बेरीज बरोबर येते आणि पुढचा धडा सुरू होतो. मला मात्र मनापासून वाटतं की इथे जरा थांबावं. कारण एक प्रश्न विचारायचा राहूनच जातो: ही चौकट संगणकाच्या आत नेमकी असते कुठे?

कुठेच नसते!

प्रोग्रामला जी मेमरी दिसते ती म्हणजे एक सरळ, लांबच लांब रांग. चाळीच्या एकाच मजल्यावर खोलीला लागून खोली असावी, तशी. चाळीला निदान वरचा मजला असतो, या रांगेला तोही नाही. प्रत्येक खोलीत एक बाइट मावतो आणि प्रत्येक खोलीला एक पत्ता असतो. पत्ता म्हणजे फक्त एक आकडा. मेमरीच्या चिपमध्ये सूक्ष्म घटक ओळी-रकान्यांतच मांडलेले असतात हे खरं, पण ती मांडणी प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. त्याच्या हाती येते ती रांगच.

मग या रांगेत चार बाय चारची चौकट बसते कशी? ओळीमागून ओळ. पहिली ओळ संपली की तिच्या शेपटाला दुसरी, मग तिसरी, मग चौथी: ७, १२, १, १४, २, १३, ८, ११, १६, ३, १०, ५, ९, ६, १५, ४. एवढंच. ही सी भाषेची रीत आहे. एका पूर्णांकाला सहसा चार बाइट लागतात, म्हणजे अख्ख्या चौतिसा यंत्राला ६४ बाइट.

समजा ही रांग १००० या पत्त्यापासून सुरू होते. आपण मागतो: ओळ २, रकाना १. नंबर शून्यापासून मोजायचे, म्हणजे आपल्या बोलण्यातली तिसरी ओळ आणि दुसरा रकाना. संगणक करतो काय, तर ओळीच्या नंबराला ४ ने गुणतो, कारण एका ओळीत चार घरं आहेत. २ × ४ = ८. त्यात रकाना मिळवतो, ८ + १ = ९. रांगेतलं ९ नंबरचं घर. प्रत्येक घर चार बाइटचं, म्हणून ९ × ४ = ३६. पत्ता १०३६. तिथे ३ हा आकडा बसलेला आहे. वरची चौकट पाहा, तिसऱ्या ओळीत दुसरा आकडा ३च आहे.

एक गुणाकार आणि एक बेरीज! चौकट म्हणून जे काही आपण पाहतो ते या एवढ्याशा हिशेबात आहे.

शून्यापासून मोजण्याचं कोडंही इथेच सुटतं. नागपुरात झिरो माइलचा दगड आहे. त्या दगडापासून खुद्द त्याच दगडाचं अंतर किती? शून्य. ॲरेमधला नंबर हाही ‘कितवा’ यापेक्षा ‘सुरुवातीपासून किती दूर’ हे सांगतो. पहिलं घर सुरुवातीपासून शून्य घरं दूर असतं.

हा हिशेब मराठी घरांना नवा नाही. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा होता. ३ रुपये ५ आणे ४ पै, म्हणजे एकूण किती पै? ३ ला १६ ने गुणायचं आणि ५ मिळवायचे, झाले ५३ आणे. ५३ ला १२ ने गुणायचं आणि ४ मिळवायचे, झाल्या ६४० पै. रुपया, आणा, पै या तीन आकड्यांतून एक आकडा. दुकानातला मुनीम हे तोंडी करत असे. तीन मितींच्या ॲरेचा पत्ता संगणक अगदी असाच काढतो.

उलटा हिशेब तर आणखी सुंदर आहे. ६४० ला १२ ने भागा: भागाकार ५३, बाकी ४. ५३ ला १६ ने भागा: भागाकार ३, बाकी ५. रुपये, आणे, पै परत हातात. तसंच रांगेतल्या घराच्या ९ या नंबराला ४ ने भागा. भागाकार २, बाकी १. भागाकार म्हणजे ओळ आणि बाकी म्हणजे रकाना! प्राथमिक शाळेत आपण बाकी काढून बाजूला लिहीत होतो, तेव्हा ती एक दिवस रकाना होईल असं कुणी सांगितलं नव्हतं.

या हिशेबाकडे पुन्हा एकदा बघा. त्यात ओळींची संख्या कुठेच आली नाही, फक्त रकान्यांची आली. म्हणून सी भाषेत फंक्शनला असा ॲरे देताना ओळी किती हे सांगितलं नाही तरी चालतं, रकाने किती हे मात्र सांगावंच लागतं. नवशिक्यांना हा नियम पाठ करावा लागतो. हिशेब कळला की पाठांतर गळून पडतं.

आणि एक चूक. चौकटीत रकाने ० ते ३. कुणी चुकून ओळ १, रकाना ५ मागितला तर? १ × ४ + ५ = ९. म्हणजे पुन्हा तेच ९ नंबरचं घर, तोच ३. नसलेला रकाना मागितला आणि सहसा खालच्या ओळीतला आकडा मुकाट्याने हातात येतो. सीच्या नियमांप्रमाणे ही चूकच, पण ती भाषा तपासत बसत नाही. जावा आणि पायथन तपासतात आणि तिथेच थांबवतात. त्यांची रीतही वेगळी आहे. तिथे प्रत्येक ओळ ही स्वतंत्र यादी असते आणि बाहेरच्या यादीत त्या ओळी कुठे आहेत एवढीच नोंद असते. म्हणून पायथनमध्ये शून्यांची एक ओळ करून ती बाहेरच्या यादीत ठेवली आणि त्या यादीला चारने गुणलं, तर चार ओळी तयार होत नाहीत, एकाच ओळीची चारदा नोंद होते. वरच्या घरात ७ लिहा, खालच्या तिन्ही ओळींत ७ उमटतो. शिकणारा चक्रावतो, पण संगणकाने सांगितलं तेवढंच केलेलं असतं.

आता खजुराहोची राहिलेली करामत. या चौकटीतला दोन बाय दोनचा कोणताही तुकडा घ्या. ७, १२, २, १३: बेरीज ३४. मधला १३, ८, ३, १०: ३४. असे आतले नऊ तुकडे होतात. आता उजव्या कडेवरचे १४ आणि ११ घ्या आणि चौकट गुंडाळल्यासारखी करून डाव्या कडेवरचे ७ आणि २ त्यांना जोडा. ३४! खालची कड वरच्या कडेला जोडा, तरी ३४. एकूण सोळा तुकडे, आणि सोळाही ठिकाणी ३४. प्रोग्राममध्ये ही गुंडाळी करायला काय लागतं? पुढच्या रकान्याचा नंबर काढताना १ मिळवायचा आणि ४ ने भागून बाकी घ्यायची. ३ नंतर ४ येतो, ४ ला ४ ने भागून बाकी शून्य, म्हणजे पुन्हा पहिला रकाना. त्या एका बाकीने कागदाची नळी होते. ओळींनाही तसंच केलं की नळीची दोन तोंडं जुळून कडं होतं. शेकडो वर्षांपूर्वी ज्याने हे आकडे कोरले, त्याची चौकट कडांपाशी संपत नव्हती.

ओळीमागून ओळ ठेवायची ही रीत काही एकमेव नाही. आपल्याकडे दशमान नाणी आली त्याच १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान भाषा बाहेर आणली. फोर्ट्रान रकान्यामागून रकाना ठेवते: ७, २, १६, ९, मग १२, १३, ३, ६. पुढे सत्तरीच्या दशकात डेनिस रिची यांच्या सी भाषेने ओळींची रीत घेतली. दोन्ही बरोबर आहेत. फरक पडतो तो वेगात.

दहा हजार ओळी आणि दहा हजार रकान्यांचा ॲरे घ्या. दहा कोटी आकडे, चाळीस कोटी बाइट. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, शेजारपाजारचे बाइट एका खेपेत उचलतो. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत ही खेप ६४ बाइटची असते. म्हणजे खजुराहोची अख्खी चौकट मावेल एवढी! सीमध्ये ओळीने चाललात तर एका खेपेचे सोळाही आकडे कामी येतात. रकान्याने चाललात तर दर पावलाला ४०,००० बाइटची उडी पडते आणि प्रत्येक खेपेतला एकच आकडा वापरला जातो. लूपच्या दोन ओळींची अदलाबदल, बेरीज तीच, पण वेळ कित्येक पट लागतो. हे स्वतः करून बघावं असं आहे.

आता तिसरी मिती. १०८० ओळी आणि १९२० रकान्यांच्या रंगीत फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे सहसा एकेका बाइटचे तीन आकडे असतात. १०८० × १९२० × ३ = ६२,२०,८०० बाइट. चौथी मिती हवी? फोटोमागून फोटो लावा, चित्रफीत होते आणि काळ ही चौथी मिती होते. सेकंदाला २५ चित्रं धरली तर एका मिनिटाची न आवळलेली चित्रफीत सुमारे ९३३ कोटी बाइट भरते. आपल्या फोनमधल्या चित्रफिती आवळून ठेवाव्या लागतात त्या याचमुळे.

चार मिती डोळ्यांसमोर आणता येत नाहीत म्हणून पुष्कळ जण घाबरतात. पण हिशेबाला डोळे लागतच नाहीत. क्षण गुणिले १०८० अधिक ओळ, ते सगळं गुणिले १९२० अधिक रकाना, ते सगळं गुणिले ३ अधिक रंग. रुपये-आणे-पैंत आणखी एक नाणं वाढलं, एवढंच.

आणि मग कळतं की आकडे जागेवरून न हलवताच मिती बदलता येतात. आपली सोळा आकड्यांची रांग ४ बाय ४ म्हणून वाचा, २ बाय ८ म्हणून वाचा, नाहीतर २ बाय २ बाय २ बाय २ अशी चार मितींची म्हणून वाचा. पायथनच्या नमपाय या लायब्ररीत हे एका ओळीत होतं आणि मेमरीतला एकही बाइट हलत नाही, फक्त गुणायचे आकडे बदलतात. ४ आणि १ ऐवजी ८, ४, २, १. आता ९ नंबरचं घर चार मितींत कुठे येतं? १, ०, ०, १ इथे, कारण ८ + ० + ० + १ = ९. आणि ९ हा आकडा द्विमान पद्धतीत लिहितात १००१! दोन्हीकडे एकच हिशेब आहे, म्हणून दोन्हीकडे तेच चार अंक.

वाचकहो, आज एक करून बघा. चौकटीच्या वहीत हे सोळा आकडे एकाच रांगेत लिहा आणि त्यांना ० ते १५ नंबर द्या. शून्यापासून दर चौथा आकडा उचला: ७, २, १६, ९. तो रकाना आहे. शून्यापासूनच दर पाचवा उचला: ७, १३, १०, ४. तो कर्ण आहे. ३ या नंबरापासून दर तिसरा, चारच आकडे उचला: १४, ८, ३, ९. तो दुसरा कर्ण. बेरीज प्रत्येक वेळी ३४ येईल.