दळण गेलं, जातं राहिलं

हळदीच्या आदल्या दिवशी माळ्यावरच्या अडगळीतून जातं खाली उतरतं. धुऊन-पुसून खुंट्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, सुवासिनी हात लावून चार फेरे ओढतात, फोटो निघतात. नवरा-नवरीच्या अंगाला लागणारी हळद मात्र बरेचदा दुकानातल्या पाकिटातलीच असते.

याच दगडावर कधीकाळी घराची भाकरी अवलंबून होती. भल्या पहाटे घरघर सुरू व्हायची. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने वरच्या तळीच्या तोंडात मूठमूठ वैरण टाकायची. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. पिठाची गिरणी गावात आली आणि हा जाच सुटला. जात्याच्या आठवणीने गहिवरतात ते बहुधा ज्यांनी कधी पायलीभर ज्वारी दळलेली नाही ते!

रिकाम्या जात्याची मग पांगापांग झाली. कुठे एक तळी परसात कपडे धुवायला गेली, कुठे न्हाणीघराची पायरी झाली. हॉटेलांच्या दारात तर ती कुंड्यांच्या शेजारी दिसते.

जात्यावरच्या ओव्यांची वाट वेगळी. त्या फेऱ्याच्या लयीत रचलेल्या. दळणं थांबलं तर म्हणायच्या कधी? हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून त्या गोळा केल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत सासर-माहेर आहे, विठोबा आहे, माजलगावच्या बायांनी गायलेले बाबासाहेब आंबेडकरही आहेत. एरवी भिंतीपलीकडच्या शेजारणीलाच ऐकू जाणारं हे गाणं आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर जगात कुठेही ऐकता येतं. बाई पहाटे एकटीने जे बोलायची, ते आता अभ्यासाचं साधन झालं आहे.

पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला मात्र जातं केव्हाच देव्हाऱ्यात पोचलं होतं. पंढरपूरला गेलेले वारकरी तिथे जनाबाईचं जातं पाहायला जातात. विठ्ठल तिला दळू लागला, ही श्रद्धा.

राहता राहिला ‘दळण’ हा शब्द. ‘दळण टाकून ये’ म्हटलं की पोरगं आज डबा घेऊन गिरणीकडे पळतं. ज्यांना तेही नको, त्यांच्या स्वयंपाकघरात घरघंटी असते. नाव ऐकून मराठी माणसाला देवघरातली घंटा आठवते, पण गुजरातीत घंटी म्हणजे जातंच.