किराणा दुकान आणि गावचा कचरा

दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे कागल तालुक्यातील बिद्रीचे नाव सर्वपरिचित झाले आहे. साखरधंद्यात टाकाऊ असे फारसे काही उरत नाही. एक टन उसामागे पाव टनाहून अधिक बगॅस निघते व तेच बॉयलरचे इंधन होते. मळीपासून मद्यार्क बनतो, प्रेसमड खत म्हणून शेतात जाते. हीच साखर गावच्या किराणा दुकानात पोहोचते, तेथे मात्र हिशेब निराळा आहे.

पूर्वी तो तसा नव्हता. तागाच्या रिकाम्या पोत्यात शेतकरी धान्य भरी, पावसाळ्यात त्याचीच खोळ डोक्यावर घेई आणि अखेरीस त्याचे पोतेरे होई. तेलाचा रिकामा डबा धान्य साठविण्यास उपयोगी पडे. डाळ-गूळ रद्दीच्या पुड्यात मिळे. या जुन्या रीतीचे सरसकट गोडवे मात्र गाता येणार नाहीत. छपाईच्या शाईतील अपायकारक द्रव्यांमुळे अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. कोरा कागद वा ग्राहकाची कापडी पिशवी हाच योग्य पर्याय होय.

२६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे प्लॅस्टिक पिशव्यांनी तुंबल्याचे दिसून आले. राज्याने २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याविषयी कायदा केला. त्याखाली २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड आहे.

पिशवी गेली तरी पुडी राहिली. शाम्पू, वेफर्स, मसाला यांच्या चकचकीत पुड्यांत प्लॅस्टिकचे थर, पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या पातळ थरासह, एकमेकांस चिकटविलेले असतात. ते सहजी सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला पुठ्ठा व बाटल्या तोलून नेतो, पुडीला हात लावीत नाही. मग ती चुलीत जाते, नाही तर ओढ्यावाटे नदीत.

यावर दुकानदाराच्या हाती दोन गोष्टी आहेत: जेथे नियमांना बाधा येत नाही तेथे डाळी-कडधान्ये सुटी विकणे, आणि दहा पुड्यांऐवजी एक मोठे पाकीट पुढे करणे. रोजंदारीवरील कुटुंबाला पुडीच परवडते, हेही खरे. उरलेल्या पुड्या ग्रामपंचायतीने वेगळ्या गोळा कराव्यात. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात गटस्तरावरील प्लॅस्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी सोळा लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. तेथून असा माल सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाऊ शकतो. मात्र तो कोरडा व मातीविरहित हवा.