सहेरीच्या वेळी कळलेले घोरणे

रमजानमध्ये विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत फुललेला असतो. तरावीहची नमाज, थोडी झोप, की लगेच सहेरी. घरात कोणी ना कोणी अपरात्री जागे असते आणि एरवी लक्षात न येणारी गोष्ट कानावर पडते.

आमच्या घरी तसेच झाले. सहेरीची तयारी करताना अम्मीला मामूंचे घोरणे ऐकू यायचे. ते मध्येच थांबायचे, काही क्षण शांतता, मग धापेसारखा मोठा श्वास. "दमलेत, गाढ झोपलेत," असे आम्ही समजत होतो. मामूंना मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर, गोड बंद, तरी सहेरीआधी तपासलेली साखर चढलेलीच. डॉक्टरांनी विचारले, "घोरता का?" मामू म्हणाले, "नाही." अम्मी म्हणाली, "सारं घर जागं होतं!"

झोपेच्या तपासणीत निदान झाले, स्लीप अॅप्निया. यात झोपेत घशाचा मार्ग दबतो आणि श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. तासाला ३० हून अधिक वेळा असे झाले, तर आजार तीव्र मानतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की शरीर संकट समजून अॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल सोडते. यकृत साखर बाहेर काढते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणजे ताटात काही नसतानाही साखर वाढते. मधुमेह आणि हा आजार यांपैकी एक असेल तर दुसराही तपासावा, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००८ मध्येच सांगितले आहे.

खरा धोका पुढे आहे. पहाटेचा आकडा पाहून मनाने गोळी वाढवली, तर रोजात दुपारी साखर एकदम उतरू शकते. म्हणून डोस आणि रोजा, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच.

मामू आता रात्री सीपॅप मशीनचा मास्क लावतात. दिवसाची पेंग गेली. मशीन म्हणजे मधुमेहाचे औषध नव्हे. गोळ्या, पथ्य, चालणे सुरूच आहे. वजन घटले तर श्वासालाही आराम पडतो.

घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे कळत नाही. त्याची साक्ष घरच्यांनीच द्यायची. घर रोजेदाराचे असो वा नसो, रात्री जाग आली तर शेजारच्या अंथरुणाकडे क्षणभर कान द्या.