सर्वसमावेशक खेळ: आपलं मूल ‘कच्चं लिंबू’ राहू नये म्हणून

लहान किंवा दुबळ्या मुलाला आपल्याकडे खेळात ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतात. ते मैदानात असते, पण आउट झाले तरी कोणी मोजत नाही. सर्वसमावेशक खेळात याच्या उलट असते. नियम थोडे बदलतात आणि प्रत्येक मुलाचा डाव मोजला जातो.

परदेशात काय करतात?

१९६८ मध्ये शिकागोत पहिल्या स्पर्धा भरवणाऱ्या ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’चा ‘यंग अ‍ॅथलीट्स’ हा उपक्रम २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली आणि नसलेली मुले त्यात एकत्र धावतात, तोल सांभाळतात, चेंडू फेकतात, झेलतात. यातून स्नायूंची ताकद वाढते. शिवाय आपली पाळी येईपर्यंत थांबणे, सूचना ऐकणे आणि मैत्री करणे मूल शिकते.

खेळ कसा बदलावा?

ब्रिटनमधील क्रीडाशिक्षक चार गोष्टींचा विचार करतात. घरी किंवा सोसायटीतही हे जमते.

- जागा: मैदान लहान करा, कडा ठळक आखा.
- कृती: एक टप्पा पडलेला झेलही धरा.
- साहित्य: मोठा, मऊ चेंडू घ्या. कमी दिसणाऱ्या मुलासाठी आवाज करणारा चेंडू घ्या.
- माणसे: जोडीदार द्या, पण त्याने मुलाचा डाव स्वतः खेळू नये.

आधी डॉक्टरांना कधी विचारावे?

- डाउन सिंड्रोम: यातील जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, त्यामुळे हृदयाची तपासणी झालेली हवी. काहींच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतात, म्हणून कोलांटउड्या आणि ट्रॅम्पोलिन विचारूनच. मान दुखणे, चाल बदलणे, हातापायांतली ताकद कमी होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास खेळ थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्या.
- फिट्स येणारी मुले: पाण्यात कधीही एकटे सोडू नका. मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे.

शाळेशी काय बोलावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या दिव्यांग मुलांनीही रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी. जमेल तेवढ्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. अनेक पालक पी.टी.च्या तासातून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांकडे प्रमाणपत्र मागतात. त्याऐवजी मूल कोणते खेळ खेळू शकते आणि त्यात कोणते बदल हवेत, हे लिहून मागा. ते पत्र शाळेत द्या.