जिवंत दगडाबरोबर येणारे बिनतिकीट प्रवासी

ठाण उलगडल्याशिवाय आम्ही कापड घेत नाही. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीसाठी ‘लाइव्ह रॉक’ घेणाऱ्यानेही हाच रिवाज ठेवावा. फ्लोरिडात चुनखडीचे दगड समुद्रात ठेवून त्यांवर जीव वाढू देतात आणि मग वजनावर विकतात. भोकाभोकांत दडलेले प्राणी मालाबरोबर फुकट येतात. (आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा किनाऱ्यावरून असा दगड उचलून आणण्याच्या भानगडीत पडू नये.)

तिकडे राहणाऱ्या आमच्या भाच्याच्या पेटीतून मासे एकेक करून गायब होऊ लागले. रात्री टकटक ऐकू येई. असा आवाज पिस्तूल कोळंबीही करते, म्हणून तो घाई न करता बॅटरी घेऊन बसला. देठांवर फिरणारे डोळे दिसले, तेव्हा मँटिस कोळंबी ठरली. दगड जास्त खारट पाण्यात बुडवताच ती बाहेर पडली.

खेकड्याचे पाय केसाळ आणि नांगीची टोके काळी असली तर तो काढावा. केसाळ अळी बहुधा उरलेसुरले खाऊन फायदाच करते. मात्र हाताने उचलू नये, केस बोटांत रुततात. ऐप्टेशिया दिसते फुलासारखी, तपकिरी आणि काचेसारखी आरपार. ती चिरडली तर तुकड्यांतून नव्या उगवतात. पेपरमिंट कोळंबी तिला खाते.

सगळे जीव एकदम मारण्यासाठी काहीजण दगड उकळतात. ही गफलत जिवावर बेतते. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचे जहर असते, आणि वाफेतून ते श्वासात जाऊन कुटुंबेच्या कुटुंबे इस्पितळात दाखल झाली आहेत. असा दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.