शनिवारवाड्यात मुलांना काय सांगायचं?

उत्रोली-भोरकडची सहल शनिवारवाड्यावर गेली की ‘काका, मला वाचवा’ची भुताची गोष्ट हमखास निघते आणि खरा गुन्हा मागे पडतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी जेमतेम १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी इथे ठार केलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी खुद्द त्यांच्या काकांना, रघुनाथरावांना दोषी धरलं. वाड्याच्या आतल्या इमारती १८२८च्या आगीत गेल्या, उरली ती दगडी जोती. बघायला काही नसलं की ऐकीव गोष्टींचं फावतं. म्हणून अशा जागी घडलेलं स्पष्ट सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

जखम कशाला उकरायची, धंदा बसेल, असं काहीजण म्हणतात. पण मुंबईचं लिओपोल्ड कॅफे २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच उघडलं. गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या, तरी गिऱ्हाईक येतंच आहे. पुण्याची जर्मन बेकरीही २०१०च्या स्फोटानंतर २०१३मध्ये पुन्हा सुरू झाली. खासगी घराची गोष्ट वेगळी. तिथल्या माणसांना निवांतपणा मिळायलाच हवा. वाडा मात्र सगळ्यांचा आहे. शिक्षकांनो, नारायण दरवाजापाशी मुलांना आधी रामशास्त्र्यांचा निवाडा सांगा.