गाडी कोण हाकतो आहे?

शिर्डीच्या रेल्वे स्थानकावर अथवा काकडीच्या विमानतळावर उतरणारा यात्रेकरू पुष्कळदा परप्रांतीय असतो. त्याला ना भाषा येते, ना रस्ता ठाऊक असतो. साईदर्शनानंतर भाड्याच्या गाडीने शनिशिंगणापूर गाठायचे, तर सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रवास त्याला सर्वस्वी अनोळखी माणसाच्या भरवशावर करावा लागतो. नगर-पुणे रस्त्याने रात्री एकटी परतणारी विद्यार्थिनी याच स्थितीत असते. मोबाइलमुळे गाडी मिळणे सुलभ झाले, हे खरेच. परंतु चाकामागे बसलेला माणूस कोण, हा प्रश्न सुटलेला नाही.

पूर्वी तालुक्याच्या गावी काळी-पिवळी जीप हाकणारा चालक पंचक्रोशीच्या परिचयाचा असे. त्या जीपमध्ये माणसे कोंबली जात, तेव्हा तो प्रवास निर्धोक होता असे मुळीच नाही. पण चालकाचे घर आणि भाऊबंद लोकांना ठाऊक असत, आणि त्याचा वचक असे. मोबाइलवरील सेवेने या परिचयाच्या जागी छायाचित्र, गाडीचा क्रमांक आणि आधीच्या प्रवाशांनी दिलेले गुण आणून बसवले. हे गुण कालच्या प्रवासाचे असतात. आज गाडीवर तोच माणूस आहे की त्याने दुसऱ्याच कोणाला पाठविले आहे, हे त्यांवरून कळत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. २००९ मध्ये पुण्यात खराडी येथे, म्हणजे नगर रस्त्यावरच, घरी निघालेल्या एका संगणक अभियंता तरुणीला गाडीत घेऊन तिचा खून करण्यात आला. त्यातील प्रमुख आरोपी भाड्याच्या गाडीचा चालक होता. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत तरुणीवर बलात्कार झाला. त्या चालकावर पूर्वीही गुन्हे नोंदलेले होते आणि त्याचा चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचे पोलिसांनी सांगितले. कागद होता, पडताळणी नव्हती.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विक्रेत्याला ठाऊक असलेले ग्राहकाला ठाऊक नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. येथेही तेच घडते. पडताळणीला पैसा लागतो. प्रवाशाला भाडे दिसते, दक्षता दिसत नाही. साहजिकच दक्ष व्यावसायिक महाग ठरतो आणि मागे पडतो. म्हणून हा प्रश्न स्पर्धेवर सोपविता येणार नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा कंपन्यांसाठी परवान्याची तरतूद झाली. केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये ती सुधारली. चालकाची पोलीस पडताळणी त्यांत आहे. मात्र एकदा दाखला घेऊन काम भागत नाही. नोंदलेला चालकच गाडीवर आहे, याची खात्री प्रवास सुरू होताना झाली पाहिजे, आणि प्रत्येक फेरीतून कमिशन घेणाऱ्यावर ती जबाबदारी असली पाहिजे. मग तो महानगरातील कंपनीवाला असो वा शिर्डीतील गाड्यांचा दलाल. अहिल्यानगर आणि श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयांनी यात्रेच्या दिवसांत एवढी एक तपासणी नेमाने केली, तरी पुष्कळ साधेल.

याचा भुर्दंड चालकाच्या तुटपुंज्या कमाईवर मात्र पडता कामा नये. बहुसंख्य चालक प्रामाणिक आहेत. दुसऱ्याच्या नावावर गाडी हाकणाऱ्याच्या दुष्कृत्याने बट्टा लागतो तो त्यांनाच.